पाण्याला न भिणारी आग

आमच्या घरी जेवायची वेळ घड्याळ बघून ठरत नव्हती. भट्टी शांत झाली की जेवण. मांजरसुंब्याच्या फाट्यापासून हाकेच्या अंतरावर आमचं पत्र्याचं शेड होतं आणि शेडाला लागूनच राहायच्या दोन खोल्या. रस्त्यानं भरलेला ट्रक गेला की फळीवरची भांडी थरथरायची. भट्टीला हवा देणारा पंखा सुरू असला की त्याची घरघर भिंतीतून अंथरुणापर्यंत यायची, आणि तो बंद झाला की घरातल्या सगळ्यांचे आवाज एकदम मोठे वाटायचे. माय तेव्हा तव्यावर शेवटची भाकरी टाकायची. चुलीवर येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी रटरटत असायची, तिचा वास घरभर सुटायचा, पण ताटं वाढली जायची नाहीत. आधी आबा, म्हणजे माझे वडील, हातपाय धुवून यायचे, तांब्याभर पाणी घ्यायचे आणि भट्टीच्या तोंडात निखाऱ्यांवर बारीक धारेनं सोडायचे. याला आमच्यात भट्टीला पाणी पाजणं म्हणत. जिनं दिवसभर आपल्यासाठी तोंड जाळून घेतलं, तिला तहानलेली ठेवून आपण घास घ्यायचा नाही, असा नेम. तो घरातल्या कर्त्या पुरुषानंच करायचा. आज्यानं केला, आबांनी केला. वाफेचा फुस्स आवाज झाला की माय म्हणायची, या आता.

आज्याच्या काळी आमच्याकडं बैलांच्या घुंगरांचं आणि घंट्यांचं पितळी ओतकाम चालायचं. आबांनी त्याच भट्टीत ॲल्युमिनियम वितळवायला सुरुवात केली. विहिरीवरच्या मोटारींचे पंखे, पंपांची झाकणं, इंजिनांचे मोडके भाग. गेवराईकडून गोदावरीची वाळू यायची, ती भिजवून साच्यात ठोकायची आणि वर रस ओतायचा. आबांना अक्षर येत नव्हतं, पण वितळलेल्या रसाचा रंग बघून ते सांगायचे की आता ओत, आता थांब. त्यांचं कधी चुकलेलं मी पाहिलं नाही. भट्टी मधेच भडकली, ठिणग्या उडवायला लागली, तरी ते घाबरायचे नाहीत. रागावली हाय, पाणी मागती, असं म्हणून तांब्या उचलायचे आणि कडेच्या निखाऱ्यांवर धार धरायचे. आग खाली बसायची. चाळीस वर्षं ती त्यांच्यापुढं खाली बसत आलती.

मी सहावी नापास झालेला माणूस नाही, सहावी सोडलेला माणूस आहे. मी न केलेली चूक कबूल कर म्हणून गुरुजींनी उभं केलं, मी केली नाही, दुसऱ्या दिवशी गेलो नाही. आबांशीही माझं तसंच. सोळाव्या वर्षी साचा कुणी मोडला यावरून आमचं वाजलं आणि मी बीडला निघून गेलो. तिथल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा कामगार लांब रजेवर गेलता, त्याच्या जागेवर मला रोजंदारीनं घेतलं. काम एवढंच की परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवरची धूळ पुसायची, स्पिरिटचे दिवे भरून ठेवायचे. पण तिथं जोगदंड सर होते. केजकडचे, बोलणं आपल्यासारखंच, पोरांना अरे-तुरे करायचे आणि मलाही. मी नळ्या धूत असताना ते शिकवायचे, आणि माझे हात पाण्यात असले तरी कान मोकळे होते.

त्या प्रयोगशाळेत एका डबीत मॅग्नेशियमची फीत गुंडाळून ठेवलेली असायची. चपटी, करडी, बायकांच्या केसांच्या रिबिनीसारखी, पण बोटाला धातू लागायची. प्रयोगाच्या आधी ती काचकागदानं घासायचं काम माझं. तिच्यावर हवेनं राखट साय धरलेली असते, ती निघाली की खाली चांदीसारखी चकाकते. सर बोटभर तुकडा चिमट्यात धरून दिव्यावर न्यायचे आणि आधी सगळ्यांना सांगायचे की आगीकडं टक लावून बघायचं नाही, डोळे जातील. मग असा पांढरा उजेड पडायचा की दुपारी वर्गाच्या भिंतीवर आमच्या सावल्या उमटायच्या. खाली पांढरी भुकटी उरायची. सर सांगायचे, पूर्वी फोटोवाले हीच पूड पेटवून उजेड पाडायचे, लष्करातले लोक रात्री आभाळात दिवा टांगायला हीच वापरतात. ॲल्युमिनियमच्या दोन तृतीयांश वजनाची, म्हणून विमानांच्या चाकांत आणि यंत्रांच्या खोक्यांत घालतात. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, रसात चिमूटभर टाकली तर ठिसूळ बीड वाकायला शिकतं. जमिनीखालच्या लोखंडी नळाला हिचा ठोकळा तारेनं बांधून पुरतात, मग गंज ठोकळ्याला खातो आणि नळ वाचतो. ही शेवटची गोष्ट मला लई आवडायची.

एका दिवशी त्यांनी उकळत्या पाण्याच्या चंबूतून निघणाऱ्या वाफेत पेटलेली फीत धरली. मला वाटलं, विझली. ती विझली नाहीच, उलट जास्त तापट झाली. सर म्हणाले, पाण्यातसुद्धा जळायला लागणारा वायू, ऑक्सिजन, असतो, पण तो दुसऱ्याच्या हातात असतो. ही इतकी हावरी की त्याच्या हातातून हिसकावून घेते, आणि उरतो तो हायड्रोजन, तोही पेटणारा. म्हणून ही पेटली तर पाणी घालायचं नाही. ओली वाळूही नाही. कोरडं मीठ, कोरडा बिडाचा चुरा, झाकण, आणि लांब उभं राहणं. वर्गातल्या किती पोरांच्या ते ध्यानात राहिलं देव जाणे. ते पास होणार होते. मला पास व्हायचं नव्हतं, म्हणून माझ्या राहिलं.

दोन वर्षांनी रजेवरचा माणूस परत आला आणि माझी रोजंदारी संपली. मी घरी आलो. आबा माझ्याबद्दल दुसऱ्याला सांगताना म्हणायचे, आमचा धाकला बाटल्या धुवून आला. थोरला भाऊ विष्णू पंख्यावर असायचा, तो हसायचा. मी पण भट्टीवर उभा राहायला लागलो. माझा शब्द त्या शेडात चालत नव्हता, आणि चालावा एवढीच तेव्हा माझी इच्छा होती. दुसरं काही मागावं असं मला सुचतच नव्हतं.

वैशाखातली गोष्ट. सोपान नावाचा भंगारवाला आमच्याकडं हातगाड्यावरून माल आणायचा. त्या दिवशी त्यानं नगरकडच्या कुठल्याशा लिलावातून फिरत फिरत आलेली पाच मोठी झाकणं आणली. कसल्या यंत्राची, त्यालाही ठाऊक नव्हतं. करडा रंग, कडेला भोकं, आत जाळीसारख्या पट्ट्या. आबांनी एकावर नख वाजवलं आणि खूश झाले. मी एक उचललं आणि माझा हात अंदाजापेक्षा वर गेला. परातीएवढी वस्तू, वजन लाकडाच्या पाटाएवढं. मी म्हणालो, आबा, हे ॲल्युमिनियम नाही. ते म्हणाले, हलकं हाय म्हंजे चांगलं हाय. मी कानस घेतली, कडेला घासून थोडा चुरा काढला, आतून लिंबू आणलं आणि त्या चुऱ्यावर पिळलं. सोड्याची बाटली फोडल्यासारखा फेस आला. शेजारी ॲल्युमिनियमचा चुरा काढून त्यावर पिळलं, तो गप्प बसून राहिला. सोपान वाकून बघत होता. विष्णू पंखा सोडून आला.

आबांनी बघितलं आणि म्हणाले, “चुन्यावर लिंबू पिळलं तरी फेस येतो. मंग काय, ह्याला चुना म्हणू का?”

“आबा, हे पेटतं. रस व्हायच्या आत पेटतं.”

“चाळीस वर्षं झाली मला. धातू पेटलेला न्हाई बघितला मी.”

“तुमी बघितला न्हाई म्हणून काय झालं?”

हे मी बोलायला नको होतं, सोपानसमोर तर नकोच. आबा शांतपणे म्हणाले, “जा, आत भांडी पडली असतील. ती धू. तुला सवय हाय.”

सोपान हसला. विष्णू पण.

इथं मला आज थांबावं लागतं. माझ्या सदऱ्याच्या खिशात काडीपेटी होती. तो चुरा चिमूटभर विटेवर ठेवून काडी लावली असती, तर तो पांढरा उजेड आबांनी पाहिला असता आणि सगळं तिथंच मिटलं असतं. अर्ध्या मिनिटाचं काम. मला ते सुचलंही होतं. पण मला वाटलं, माझ्या तोंडाचा शब्द पुरत नसेल तर मी कशाला तमाशा करून दाखवू. मी कानस फेकली आणि फाट्यावरच्या हॉटेलात जाऊन चहा सांगितला. आज ही गोष्ट ऐकणारे म्हणतात, म्हाताऱ्यानं हट्ट केला. दोघांनी केला.

तिसरा चहा अर्धा झालता. दुपारचं ऊन असं की डांबराकडं बघवत नव्हतं. तेवढ्यात आमच्या शेडाच्या पत्र्यांना जी खिळ्यांची भोकं होती त्यातून उजेडाच्या काड्या बाहेर आलेल्या मला दिसल्या, त्या उन्हात. हॉटेलवाला म्हणाला, वेल्डिंग चालू केलं का रं तुमी? मी कप ठेवला की पाडला, आठवत नाही. मी पळालो.

आत पांढरा धूर दाटलेला आणि त्याच्या मधोमध भट्टीवर डोळ्यांनी बघता येत नाही असं काहीतरी. आबांनी पाचपैकी दोन झाकणं फोडून मुशीत घातली होती, वितळवायच्या त्या मातीच्या भांड्यात, आणि ढवळायला मुशीवरचं झाकण काढल्याबरोबर ती पेटली होती. पंखा अजून घरघरत होता, हवा देत होता. विष्णूनं एक हात डोळ्यांवर धरलेला, दुसऱ्या हातानं साच्याची ओली वाळू घमेल्यात भरत होता. एक घमेलं त्यानं आधीच टाकलं होतं, त्याचे फटाके उडून वाळू आणि रस इकडंतिकडं पडला होता. मी पंख्याचं बटण बंद केलं आणि त्याच्या हातातलं घमेलं लाथेनं उडवलं. तो मला शिवी देत होता. मी आत वळून मायला म्हणालो की घरात असेल नसेल तेवढं मीठ आण. शेजारची काशीमामी उजेड बघून आली होती, तिच्या घरी मेंढरं, आणि मेंढरांना चाटायला घालायच्या खडेमिठाची पोती त्यांच्याकडं कायम असायची. कावून, कशाला असं काही न विचारता मामी पळाली. त्या बाईचे उपकार मी विसरलो नाही.

मी वळलो तर आबा येत होते. हातपाय धुतलेले. हातात तांब्या. डोळे बारीक केलेले, पण पाय नेहमीसारखे सावकाश, जसे रोज यायचे तसे. त्यांना पळायचं नव्हतं. ती रागावलेली, ते तिला समजावायला चाललेले.

मी त्यांच्या आडवा उभा राहिलो. “आबा, पाणी नका घालू.”

“सरक.”

“ही पाणी खाती, आबा. पाण्यानं फुटंल. तुमी बी जासाल, विष्णू बी.”

“माझी भट्टी हाय. मला शिकवतो का बे?”

आबा कधी घरातल्याला बे म्हणत नसत. ते मला वळसा घालून पुढं झाले, धार धरायला हात उचलला. तांब्याचं तोंड त्या पांढऱ्या उजेडात चमकलं. माझ्या डोक्यात त्या वेळी सर नव्हते, चंबू नव्हता, काही नव्हतं. मी दोन्ही हातांनी त्यांच्या छातीवर रेटा दिला. पूर्ण जोरानं दिला. ते मागं वाळू ठोकायच्या लोखंडी साचपेट्यांच्या ढिगावर आदळले, आणि धुरातून, आगीच्या सुं सुं आवाजातून, मला त्यांच्या मनगटाचा आवाज ऐकू आला. सुकी काटकी मोडते तसा.

तांब्यातलं थोडं पाणी तरी मुशीच्या काठावर पडलंच. असेल ओंजळभर. बंदुकीसारखा बार झाला, मुशीचा कान तुटून वरचा पत्रा फाडून गेला, आणि रसाचा एक गोळा माझ्या डाव्या हाताला चिकटला. तो डाग आज मनगटापासून कोपरापर्यंत आहे, नातवंडं त्याला नकाशा म्हणतात. तांब्या भरलेला होता. पुढचा हिशेब मी कधी केला नाही.

मग काशीमामी पोतं ओढत आली. मी आणि विष्णूनं तोंडाला फडकी बांधून, तोंड फिरवून, ओंजळी ओंजळीनं मीठ टाकलं. वैशाखातलं मीठ, हाडासारखं कोरडं. पहिल्या ओंजळींनी काही झालं नाही, ज्वाळा पिवळी होऊन परत पांढरी व्हायची. मग हळूहळू वर साय धरायला लागली, सायीला भेगा पडायच्या, भेगेतून उजेड यायचा, त्या भेगेवर परत मीठ. अर्धं पोतं संपल्यावर उजेड गेला. लांब उभं राहून आम्ही भट्टीकडं बघत होतो आणि मला सगळीकडं हिरवा ठिपका दिसत होता. तो दोन दिवस गेला नाही.

दारात माणसं जमली होती. ढाब्यावरचे ड्रायव्हर, हॉटेलवाला, शेजारी. पत्रा फाटलेला त्यांना दिसला, आबा पेट्यांवर पडलेले दिसले, आणि धुरातून रेटा देताना मीही कुणाला तरी दिसलोच होतो. माय आबांजवळ बसली, त्यांचा लोंबता हात तिनं मांडीवर घेतला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “बापावर हात टाकलास.” एवढंच. मॅग्नेशियमचं तिला सांगून काय उपयोग होता. मी सांगितलं नाही.

बीडला जाताना ट्रकच्या केबिनमध्ये आबा मधे, मी कडेला. खड्डा आला की त्यांचा श्वास अडकायचा. डॉक्टरनं विचारलं, कसं झालं बाबा? आबा म्हणाले, “पाय घसरला.” मी तिथंच उभा होतो, हाताला फडकं गुंडाळून. डॉक्टरनं माझ्या हाताकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं आणि प्लास्टर भिजवायला घेतलं.

त्यानंतर आबा माझ्याशी बोलले नाहीत. राग नव्हता दाखवत, नुसते बोलत नव्हते. मी समोर असलो तरी विष्णूला म्हणायचे, त्याला सांग कोळसा चाळून ठेव. मी विष्णूला म्हणायचो, सांग त्यांना ठेवलाय. विष्णू मधे टपालासारखा. फाट्यावर चहा प्यायला गेलो की कुणीतरी म्हणायचंच, आला बघ बापाला कुस्ती दाखवणारा. मी दोघांना मारलंही त्यावरून. उरलेली तीन झाकणं मी शेडामागं नेऊन टाकली, एकाच्या कडेचा चुरा काढून विष्णूला पेटवून दाखवला. तो दोन पावलं मागं सरकला. आबांना मी दाखवला नाही. आता दाखवणं म्हणजे त्यांच्या मोडक्या हाताला टोचणं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी स्वतःहून विचारावं अशीही माझी आशा होती. आबा संध्याकाळी डाव्या हातानं भट्टीला पाणी पाजायचे. धार वाकडी जायची. कुणी मदत करायची नाही असा त्यांचा चेहरा असायचा. हाड वाकडं जुळलं, मुठीत जोर आला नाही, आणि रस ओतायची कढई त्यांनी परत कधी धरली नाही. ती माझ्यामुळं गेली. मी बरोबर होतो आणि ती माझ्यामुळं गेली, ही दोन्ही वाक्यं मी आयुष्यभर शेजारी शेजारी घेऊन फिरतोय.

आता भंगारवाल्यांकडं पिस्तुलासारखं यंत्र असतं. मालावर टेकवलं की पडद्यावर नाव येतं, किती टक्के काय ते येतं. नातीच्या कॉम्प्युटरचं खोकंसुद्धा मॅग्नेशियमचं आहे म्हणे. तिनं हातात दिलं तेव्हा माझा हात तसाच अंदाजापेक्षा वर गेला आणि मी ते पटकन गादीवर ठेवलं. ती म्हणाली, आजोबा, फुटत नाही ते. मी म्हणालो, मला ठाऊक आहे काय होतं आणि काय नाही.

त्या वर्षी पाऊसकाळ संपता संपता सोपान परत आला. इतके दिवस तोंड चुकवत होता. आबा बाजेवर बसलेले, मी शेडाच्या दारात साचा साफ करत होतो. सोपाननं गाडा उभा केला, नेहमीप्रमाणे माल आबांपुढं ठेवला. आबांनी वरचं एक पातेलं डाव्या हातानं घेतलं, बोटाच्या पेरानं वाजवलं, कानाजवळ धरलं आणि परत ठेवलं. मग म्हणाले, “भागवताला दाखव. त्यानं न्हाई म्हणलं तर उचलून ने.”

पाच महिन्यांत माझं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आलं. मी उठलो. गाड्यावर जुनी पातेली, हंडे, चेपलेल्या पराती. लग्नाकार्यातली भांडी, वर्षानुवर्षं चुलीवर बसलेली. उचलून बघायचीसुद्धा गरज नव्हती. तरी मी एक उचललं, कानस लावली, खूप वेळ बघितल्यासारखं केलं. माझं काळीज धडधडत होतं. भट्टीपुढं धडधडलं नव्हतं एवढं.

मी म्हणालो, “न्हाई. घेऊ नका.”

सोपान माझ्याकडं बघतच राहिला. “आबा, आवो भांडी हायत ही. ह्यात लोकांनी भात शिजवलाय. ह्याला काय पिशाच लागलंय का?”

आबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. गाड्याकडं पाहत होते. म्हणाले, “त्यानं न्हाई म्हणलं. उचल.”

सोपान आदळआपट करत माल भरून गेला. विष्णूनं मला वेड्यात काढलं. चार दिवस भट्टी मालावाचून थंड राहिली, गिऱ्हाईकं परत गेली, आणि आबा बाजेवर बसून रस्त्यावरचे ट्रक बघत राहिले. मला फक्त बघायचं होतं की माझ्या शब्दावर ते खरंच थांबतात का. ते थांबले. पाचव्या दिवशी मी जाऊन सोपानकडून तोच माल विष्णूच्या नावानं आणला. आबांनी तो ओळखला, भट्टी पेटवा म्हणाले, आणि त्याच्यावर एक अक्षर काढलं नाही. पुढं ते अकरा वर्षं जगले. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. विष्णूलाही नाही, मायलाही नाही. माल चांगला होता. ते मला ठाऊक होतं, आणि पेरानं वाजवून बघितलं तेव्हाच आबांनाही.